चहा संपेपर्यंत टिकेल असा प्रश्न

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणाचा गैरसमज नको. मी फिजिक्सच्या प्रेमात पडून बीएस्सीला गेलेले नाही. मेडिकलची एन्ट्रन्स दोनदा देऊन झालेली. बारावीनंतर घरी बसून, क्लास लावून, मान मोडेस्तोवर अभ्यास करून. दोन्ही वेळा तोंडावर आपटले. दुसऱ्या रिझल्टला बाबांनी स्क्रीन बघितली, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत बघितली. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण आमच्या घरात ओरडायची पद्धतच नाही.

मग कल्याणच्या एका कॉलेजात शेवटच्या फेरीत जिथे जागा उरली होती तिथे मला चिकटवलं. वर्गातली पोरं माझ्यापेक्षा लहान. पहिल्याच आठवड्यात त्यांना ते कळलं आणि सगळी मला ताई म्हणायला लागली. 'ताई, जर्नल दे ना.' 'ताई, जरा सरक ना पलीकडे.' अस्सा राग यायचा! इकडे डोंबिवलीत बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या की त्यांचं सुरू, 'काय डॉक्टरीणबाई, कुठपर्यंत आलं?' मी तोंड उघडायच्या आत आई बोलून मोकळी व्हायची, 'चालू आहे हो तिचं काहीतरी.' मी काहीतरी होते. माझं नाव, माझं कॉलेज, माझा विषय, काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

बाबांच्या लेखी तर मी कॉलेजात जातच नव्हते. त्यांचं ऑफिस ठाण्यात. तिथेच जवळ तो क्लास, जिथे मी दोन वेळा घासून आलेले. दिवाळीनंतर रिपीटर्सची नवीन बॅच निघणार होती आणि बाबांनी तिथल्या मॅडमशी परस्पर बोलून ठेवलेलं. 'कॉलेज नावाला असू दे,' ते जेवताना म्हणाले, 'तिसरा प्रयत्न करायचाच. तीन-चार वेळा देऊन लागतात लोक.' मी आमटीत बोट फिरवत बसले. नाही म्हणायला काहीतरी हातात लागतं. नाही, मला अमुक करायचंय, असं म्हणायला अमुक तरी असावं लागतं ना? माझ्याकडे तेच नव्हतं. आणि परत त्या खोलीत, त्या ट्यूबलाइटखाली, आणखी नवीन पोरांबरोबर बसायचं म्हटलं की नको नको व्हायचं. खोटं नाही सांगत, सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा तो, कशाला उठले हाच.

कॉलेजात एक भौतिकशास्त्र मंडळ होतं. मी तिकडे वळले त्यालाही काही उदात्त कारण नाही. शनिवारी प्रॅक्टिकल लवकर संपायचं आणि लवकर घरी गेलं की आई चेहरा वाचायची. वर्गातला एक मुलगा म्हणाला, 'ताई, चल ना, मंडळात चहा मिळतो.' हा आंबिवलीचा, सडपातळ, सतत काहीतरी चघळत असलेला. ताई म्हटल्याबद्दल त्याला मनातल्या मनात एक ठेवून दिली आणि गेले.

मंडळ बसायचं डार्करूममध्ये, म्हणजे लॅबच्या मागची एक कोंदट खोली, खिडक्यांना काळा कागद, दाराला काळा पडदा, मधोमध काळं रंगवलेलं टेबल. वीसेक पोरं दाटीवाटीने. चिटणीस होती खोपटहून येणारी तिसऱ्या वर्षाची मुलगी, माझ्याच वयाची. ती तिसऱ्या वर्षाला आणि मी पहिल्या, हे गणित मी तिथल्या तिथे केलं आणि तिच्यावर खार खाऊन बसले. कोपऱ्यात आमचे सर. रिटायरमेंटला आलेले, पुस्तकात छापल्यासारखं मराठी बोलणारे आणि मंडळात शक्यतो तोंड न उघडणारे.

मंडळात घुसायची एकच रीत होती. नवीन माणसाने एक प्रश्न ठेवायचा. 'ठेवायचा' हाच शब्द. प्रश्न आपला पाहिजे, कुठून उचललेला नको. प्रश्न ठेवला की बाहेरच्या टपरीवरून किटलीत चहा मागवायचा आणि सगळ्यांनी मिळून त्या प्रश्नावर तुटून पडायचं. चहा संपायच्या आत कोणी उत्तर देऊन प्रश्न मिटवला, तर पुढच्या शनिवारी नवीन प्रश्न घेऊन या. चहा संपला तरी प्रश्न उभा असेल, तर तुम्ही मंडळाचे. फी नाही, मार्क नाही, काही नाही.

त्या दिवशी आंबिवलीवाल्याने ठेवला. म्हणाला, 'आई सुपात तांदूळ घोळते ना, तेव्हा खडे बरोब्बर वर, एका बाजूला येतात. का येतात? जड म्हणून म्हणू नका. जड असते तर तळाशी गेले असते, वर कशाला आले असते?' बस्स, एवढंच. मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? आणि मग ती खोली पेटली. कोणी घर्षण म्हणालं, कोणी आकार म्हणालं, कोणी जर्नलच्या पुठ्ठ्याचं सूप करून त्यात खडूचे तुकडे घोळायला लागलं, दोघं जण हमरीतुमरीवर आले. चहा आला, प्यायला, कप गोळा झाले, तरी भांडण चालूच. सर कोपऱ्यात नुसते हसत होते. कोणी एकदासुद्धा विचारलं नाही की हे किती मार्कांना येतं.

मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू येत होतं. का ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. मला हेवा वाटला. इतका हेवा मला डॉक्टर झालेल्या मावसबहिणीचाही कधी वाटला नव्हता. मला तिथे, त्या भांडणात, असायचं होतं. घरी जाताना मी स्वतःशी पैज लावली. यांनी मला घेतलं तर बाबांना सांगायचं, मी क्लासला जाणार नाही, माझी जागा इथे आहे. नाही घेतलं तर गुमान ठाण्याला जाऊन बसायचं. दिवाळी तोंडावर आलेली, मधे थोडेच शनिवार.

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय, एक प्रश्न तर विचारायचाय. मलाही तेच वाटलेलं. दोन वर्षं रोज प्रश्नच तर गिळत होते!

पहिल्या खेपेला मी चांगला घसघशीत नेला. खरखरीत उतारावरून घरंगळणारा गोळा, खाली स्प्रिंग, ती किती दबेल. चिटणीस शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, 'अगं पण हे गणित आहे. याचं उत्तर तुला माहितीये.' माहीत होतं. उत्तरच काय, ते किती सेकंदात काढायचं तेही माहीत होतं. टपरीवर चहा सांगायला कोणी उठलंसुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला मी कंबर कसली. आठवडाभर स्वयंपाकघरात आईच्या पायात पायात केलं. कुकरची शिट्टी झाली की वाफेत हात धरून बघितला. अगदी जवळ चटका बसतो, जरा वर धरला तर वाफ कोमट, जवळजवळ गारच. हे मला खरंच माहीत नव्हतं! छाती फुगवून शनिवारी उभी राहिले आणि म्हणाले, 'कुकरच्या शिट्टीतली वाफ थोड्या अंतरावर गार का लागते? प्रसरणामुळे, हवेत मिसळल्यामुळे, पाण्याचे थेंब झाल्यामुळे, की यापैकी नाही?'

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग आंबिवलीवाला फिस्सकन हसला. 'ताई, ऑप्शनपण आणलेस? निगेटिव्ह मार्किंग आहे का?' आणि अख्खी डार्करूम खिदळायला लागली. मला तर कळलंही नव्हतं मी काय बोलले ते! तोंडातून आपोआप चार पर्याय बाहेर पडले, सवयीने. चिटणीसनेही ओठ दाबून धरलेले. एकटे सर हसले नाहीत. 'प्रश्न चांगला होता,' ते म्हणाले, 'पण तुम्ही उत्तरं सोबत घेऊन आलात.' तरी चहा मागवला, माझं मन राखायला. तो यायच्या आत दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने फळ्यावर दोन ओळी लिहून माझा प्रश्न मिटवला.

त्या दिवशी घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून हमसून हमसून रडले. अपमान झाला म्हणून नाही. अपमानाची मला सवय होती. मी घाबरले. माझ्या डोक्यात प्रश्न बनायचा कारखानाच बंद पडला होता. लहानपणी मी म्हणे अशी बडबडी होते की पाहुणे हात जोडायचे. हे का, ते का, चंद्र मागे मागे का येतो. ती पोरगी कुठे गेली? मी बसून आठवायला लागले की एखादी गोष्ट खरोखर जाणून घ्यावीशी मला शेवटची कधी वाटली होती, आणि मला आठवेना. एकही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मार्क नाही पडले, ठीक आहे, पण डोकंसुद्धा गेलं असेल तर मग माझ्याकडे राहिलं काय?

तिसऱ्या खेपेला मी चक्क इंटरनेटवर 'अजून न सुटलेले प्रश्न' असा व्हिडिओ शोधून त्यातला एक नेला. चिटणीसने तोच व्हिडिओ बघितलेला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तिने मला बाहेर नेऊन विचारलं, 'तुला एवढी घाई का गं? पुढच्या वर्षी ये ना परत.' मी फटकन म्हणाले, 'पुढच्या वर्षी मी इथे नसेन,' आणि निघून गेले. बिचारीची काही चूक नव्हती.

त्याच आठवड्यात क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. शनिवारपर्यंत नाव नक्की करा, नाहीतर बॅच भरेल. आधी गोड आवाजात एक मॅडम, मग दुसरीच कोणी. मी उचलणं बंद केलं, तर जास्तच यायला लागले. शुक्रवारी मी घरी होते, ताप आल्याचं सांगून. आई भाजी आणायला गेलेली. मी ओट्यापाशी उभी, फोन व्हायब्रेटवर ओट्याच्या ग्रॅनाइटवर पडलेला. तो वाजायला लागला. थर्रर्र, थर्रर्र. मी बघत राहिले. उचलायचा नव्हता आणि कट करायलाही हात उचलेना.

फोन वळत होता. थरथरत थरथरत गोल वळत होता, डावीकडे. फोन थांबला तेव्हा तो चांगला तिरका झालेला. मी सरळ करून ठेवला. परत वाजला, परत डावीकडेच वळला. मेल्या, उजवीकडे का नाही वळत? मी थरथरणारा फोन बघितला नव्हता असं नाही, हजारदा बघितला असेल. पण थरथर म्हणजे पुढे-मागे सारखीच ना? मग एकाच बाजूला का? मी तो पालथा घातला आणि क्लासच्या फोनची वाट बघत बसले. देवाशप्पथ, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, करा रे बाबांनो फोन! तर नेमके तेव्हाच गप्प.

मग आईचा घरीच राहिलेला मोबाईल घेतला आणि त्यावरून मलाच लावायला लागले. पालथा फोन उजवीकडे वळला. कव्हर काढलं तर वळेचना, नुसता पुढे सरकला. जेवणाच्या टेबलाच्या काचेवर जोरात, टॉवेलवर जागचा हलला नाही. खाली कागदाची घडी सारून एक कोपरा उचलला तर भलताच नाचायला लागला. आई पिशवी घेऊन दारात उभी होती ते मला दिसलंही नाही.

'अगं, कोणाला लावतेयस एवढे फोन?'

'मलाच.'

आईने पिशवी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं पोरगी हातची गेली. मी तिला मिठी मारली आणि म्हटलं, 'आई, तू फक्त एकदा लाव, मी बाजूने बघते.' तिने खरंच लावला. काही न विचारता लावला, आणि आम्ही दोघी टेबलावर वाकून बघत बसलो. 'वळतोय की गं,' ती म्हणाली. बाबा उद्या हाफ डेनंतर ठाण्यात काय करणार आहेत हे तिला माहीत असणार. तरी तिने परत एकदा लावला.

शनिवारी डार्करूममध्ये उभी राहिले. म्हणाले, 'फोन व्हायब्रेट होताना एकाच बाजूला का वळतो?' आणि तोंड घट्ट मिटून घेतलं, चुकून पर्याय बाहेर पडू नयेत म्हणून.

'आत छोटी मोटर असते, ती एका बाजूला फिरते म्हणून,' मागून कोणीतरी लगेच म्हणालं. झालं, मला वाटलं, मेला हाही. पण चिटणीस म्हणाली, 'मग कव्हर काढल्यावर पण वळायला हवा. वळतो का?' मी म्हटलं, 'नाही. सरळ जातो.' आंबिवलीवाला उठला, 'खोटं. दाखव.' टेबलावर काच ठेवली गेली, माझा फोन मधोमध. मग दुसऱ्यांचे आले. एकाचा उजवीकडे गेला. एकाचा ढिम्म. सरांचा जुना बटणवाला फोन तर तरातरा चालत टेबलाच्या कडेला गेला आणि पडता पडता त्यांनीच झेलला. 'काचेला उतार आहे.' 'नाही, लेव्हल लाव.' 'कॅमेऱ्याचा उंचवटा टेकतो, तो पाय होतो.' 'मग पालथा घातल्यावर कसा वळतो, तेव्हा कुठे टेकतो कॅमेरा?' आणि मी? मी सगळ्यांच्या वर ओरडत होते. एकाला 'गप रे, आधी बघ तरी' म्हणाले. मला मध्येच लक्षात आलं, मी भांडतेय.

किटली कधी आली, कप कधी फिरले, कोणाला पत्ता नव्हता. चिटणीसने किटली उलटी करून दाखवली. 'संपला,' ती म्हणाली. बाकी काही समारंभ नव्हता. सरांनी फक्त आपल्या शेजारची खुर्ची थोडी पुढे ओढली आणि मला म्हणाले, 'बसा.'

मी बसायला गेले आणि काचेवर माझा फोन थरथरायला लागला. 'कोण लावतंय?' 'मी नाही.' 'मीपण नाही.' मी वाकून बघितलं. बाबा. 'उचलू नको, उचलू नको, फिरू दे!' पोरं ओरडली आणि सगळी त्याच्याभोवती गोळा झाली. वीस डोकी बाबांचं नाव डावीकडे वळताना बघत होती. फोन थांबला. लगेच परत सुरू. मी तो उचलून पडद्याबाहेर पॅसेजमध्ये आले.

'अगं, उचलत का नाहीस? मी क्लासमध्ये उभा आहे. नाव नोंदवायला तुझ्या नंबरवर आता ओटीपी येईल, तेवढा सांग. मागे मोठी लाइन आहे.'

'बाबा...'

'आज शेवटचा दिवस आहे. आला का?'

कानापाशीच फोन गुरगुरला. मेसेज आला होता. ओटीपी कोणाला म्हणजे कोणाला सांगायचा नाही, हे मला आणि आईला रोज बजावणारा माणूस पलीकडे पेन उघडून उभा असणार, तळहातावर लिहून घ्यायला. त्यांना ती सवय आहे.

'आला,' मी म्हणाले.

'मग सांग.'

'नाही सांगत.'

'काय?'

'बाबा, मला मंडळात घेतलं.'

'कसल्या मंडळात? गणपतीच्या?'

'फिजिक्सच्या. आत्ताच घेतलं.'

'त्याने काय होतं?' आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होते. डिग्री मिळते? नाही. नोकरी लागते? नाही. फोन गोल फिरतो तो का फिरतो, हे वीस जण मिळून बघतात, असं मी ऑफिसातून थेट येऊन उपाशीपोटी लाइनीत उभ्या असलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू?

'काही होत नाही,' मी म्हणाले. मग माझा बांध फुटला. पॅसेजमध्ये येणारेजाणारे बघत होते, बघू देत. 'बाबा, मला परत तिकडे बसवू नका. हात जोडते. मला नाही जमलं. दोनदा नाही जमलं. मी अभ्यास केला होता हो, खूप केला होता, तरी नाही जमलं.'

हे वाक्य आमच्या घरात कोणीच कधी बोललं नव्हतं. मीही नाही. पलीकडून क्लासच्या ऑफिसातली गडबड ऐकू येत होती. मग काउंटरवरच्या मुलीचा आवाज आला, 'सर, हा एक्स्पायर झाला. दुसरा पाठवू का?'

मी फोन कानाला लावून भिंतीला टेकले. श्वास ऐकू येत होता त्यांचा. 'सर?' ती मुलगी परत म्हणाली, 'पाठवू ना?'

'नको,' बाबा म्हणाले. मग आवाज जरा लांब गेला, मागे वळून कोणाशी तरी बोलल्यासारखा. 'तुम्ही व्हा पुढे. आमचं राहू दे.'